वाचताना अडखळणाऱ्या मुलासाठी मोबाइलवर धडा असा तयार करा

नागपुरी संत्र्यावरचा उतारा घ्या. ‘संत्र्या’तलं ‘त्र्या’ नीट बघा: त, र, य तिन्ही एकाच जोडाक्षरात दाटलेत. मुलाचं बोट तिथेच थांबतं. कार्यस्मृतीत, म्हणजे काम करताना डोक्यात क्षणभर धरून ठेवायच्या जागेत, एका वेळी साधारण 4 गोष्टी मावतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 साली मांडलं. अक्षरं जुळवण्यातच ती जागा भरली, की अर्थाला जागा उरत नाही. याला आळस म्हणू नका.

एका स्क्रीनवर 3 ओळीच ठेवा आणि ‘आंबिया बहार’ (संत्र्याचा एक हंगाम) यासारखा एकच नवा शब्द. अक्षर मोठं, ओळींमध्ये दीडपट अंतर. मग अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ (निवडलेला मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) चालू करा, वाचनाची भाषा मराठी निवडा, वेग कमी करा. मराठी आवाज घरीच डाउनलोड करून घ्या, वर्गात नेट मिळेलच असं नाही. पानाचा फोटो टाकू नका, उतारा टाइप करा. फोटोतली जोडाक्षरं यंत्र अनेकदा चुकीची वाचतं.

मोबाइल वाचत असताना आपण मध्ये बोलायचं नाही. दोन आवाज झाले की मूल दोन्हीला मुकतं. ऐकून झाल्यावर स्क्रीन बंद करा आणि काय कळलं ते त्याच्या शब्दांत रेकॉर्ड करा. वऱ्हाडीत सांगितलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी न ऐकवता पुन्हा विचारा.