आवाज आला म्हणजे मणका बसला, असं नाही: कायरोप्रॅक्टिक शिकू पाहणाऱ्यांसाठी

बारावीनंतर फिजिओथेरपी घ्यावी की परदेशी जाऊन कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांना आणि सांध्यांना हाताने झटका देऊन करायचा उपचार, शिकावं, असं विचारणारी मुलं गोव्यातही आता बरीच आहेत. बहुतेकांची या उपचाराशी ओळख मोबाइलवर झालेली असते. मान वळली, कट्कन वाजलं आणि रुग्ण हसत उठला. सगळं कसब त्या झटक्यात आहे, असंच मग वाटतं. पण कोणाला झटका द्यायचा नाही हे ओळखणं त्याहून कितीतरी अवघड असतं, आणि शिकायचं ते मुख्यतः हेच.

आधी तो आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर गेले की आतला दाब घसरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटांचे सांधे वाजत असतानाच एमआरआय घेऊन हे दाखवलं. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जावी लागतात. ‘सरकलेला मणका’ जागेवर बसण्याशी याचा काही संबंध नाही. आवाज न येताही आराम पडतो, आणि येऊनही कधी पडत नाही. शिकाऊ माणूस आवाजाच्या मागे लागला की जोर वाढवत नेतो, आणि त्यातून बरगडी दुखावते.

दुसरा समज ‘मणक्यात गॅप’ आल्याचा. ‘पेंकट दुखता’ (कंबर दुखते) म्हणत येणाऱ्या रुग्णाच्या हातात बहुधा एमआरआयचा लिफाफा असतोच. पण कसलंही दुखणं नसलेल्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ सालीच प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची (डिस्कची) झीज दिसली. म्हणून आधी माणूस तपासायचा, मग फिल्म बघायची. उताणं झोपवून सरळ पाय वर उचला. साधारण ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली गेली, तर मज्जातंतूचं मूळ दुखावल्याची शंका घ्या. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावा, पायाच्या अंगठ्याची ताकद आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स) बघा. एवढं करायला दहा मिनिटंही लागत नाहीत, तरी घाईत हेच राहून जातं.

लघवी अडणं, जांघांमधला भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं काहीही आढळलं तर टेबलावर घेऊच नका. रुग्णाला थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. ताप, पूर्वीचा कर्करोग, कारण नसताना घटलेलं वजन, दीर्घकाळ स्टिरॉइड, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी, हे प्रश्न प्रत्येकाला विचारायचेच. मानेचं दुखणं अचानक आणि पूर्वी कधी नव्हतं असं असेल, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोलताना जीभ जड होणं असेल, तर रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. अशा मानेला झटका देणं जिवावर बेतू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडतं. सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवय सोडा, असं रुग्णाला स्पष्ट सांगा.

आता प्रत्यक्ष हाताचं काम. कमरेसाठी रुग्णाला कुशीवर झोपवतात, खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवलेला. श्रोणी (कमरेखालचा हाडांचा भाग) आपल्याकडे वळवत सांध्यातला सैलपणा संपेपर्यंत हळूहळू जायचं, रुग्णाला श्वास सोडायला सांगायचं, आणि मगच छोटा, वेगवान धक्का. सैलपणा संपण्याआधी धक्का दिला तर तो स्नायूंतच मुरतो; खांद्यापासून पिळलं तर भलताच भाग ताणला जातो. डमीवर, सहाध्यायांवर आणि मग देखरेखीखाली रुग्णांवर शेकडो वेळा केल्याशिवाय ही पकड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सांगितले, त्यांतले १,००० तास देखरेखीखालच्या वैद्यकीय अनुभवाचे. शनिवार-रविवारच्या शिबिराच्या प्रमाणपत्राने ते भरून निघत नाहीत.

दमा, मधुमेह, रक्तदाब यांवर इलाज म्हणून हे विकू नये. कंबरदुखीत थोडा फायदा होतो, तोही व्यायामासोबत. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हाताने केलेला उपचार व्यायामाची जोड असेल तरच सुचवला आहे. आगाऊ पैसे घेऊन चोवीस बैठकांचं पॅकेज देण्याला आधार नाही. चार-सहा बैठकांत फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासा.

करिअरचं गणित असं. अमेरिकेत ही पदवी पदवीपूर्व शिक्षणानंतर साधारण चार वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने नोंदणी होते. भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, फिजिओथेरपी मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे. म्हणून गोव्यातच राहायचं असेल तर आधी फिजिओथेरपीची पदवी घेऊन मग मॅन्युअल थेरपीत, म्हणजे हाताने करायच्या उपचारांत, प्रावीण्य मिळवणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. बाहेर जाणारच असाल, तर फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागवा: कॉलेजची मान्यता कोणत्या संस्थेची आहे, त्या पदवीवर कोणत्या देशांत परवाना मिळतो, आणि परतल्यावर दवाखाना कोणत्या नावाखाली नोंदवता येईल. तिसऱ्याचं उत्तर कॉलेजकडून नव्हे, पणजीच्या आरोग्य सेवा संचालनालयाकडून घ्या.