कयाकवरून गळाला जायचंय? आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

कोकणात कयाक घेऊन मासे पकडायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी शनिवार-रविवार बघतात, मग राहायची सोय, मग रॉड-रील, आणि समुद्राचं काय ते तिथे गेल्यावर बघू म्हणतात. हे सगळं उलट्या क्रमाने करा. आधी महिना ठरवा, मग तिथी, मग वारा, आणि प्रत्येक वेळी एकच विचारा, परत येताना पाणी आणि वारा पाठीवर असेल की तोंडावर? जाताना अंगात जोर असतो हो, पण चार तास उन्हात बसून, मासा खेचून दमलेल्या हातांनी परतायचं असतं.

महिन्यांचं पटकन सांगतो. जून-जुलै विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना ती लागू नसते आणि काही जण त्यातून आपल्या कयाकला वाट काढायला बघतात, पण कागदावर काहीही असो, त्या समुद्रात कयाक घालायची नाही म्हणजे नाही. नारळी पौर्णिमा झाली की ट्रॉलर बाहेर पडायला लागतात, ते बघून आपण निघू नये, त्यांच्याखाली इंजिन आहे. सप्टेंबरपर्यंत लाटांचा जोर असतो, खाड्यांना लाल पाणी असतं, त्यातून ओंडके वाहत येतात. ऑक्टोबरात सकाळ छान असते पण दुपारी परतीचा पाऊस गडगडतो, आणि कार्बनचा रॉड हातात धरून उघड्या पाण्यावर बसलेला माणूस म्हणजे विजेला आमंत्रण, त्यामुळे दुपारच्या आत किनाऱ्यावर. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर आणि परत मे-जून हे अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस. निसर्ग ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा आपल्यापर्यंत येतात, हवामान खात्याने कमी दाबाचा पट्टा म्हटलं की बेत पुढे ढकला.

सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्येही जमतं पण वायव्येचा वारा दुपारी चांगलाच उचलतो. एप्रिलमध्ये पहाटे निघून दहापर्यंत परत, आणि मेचा पहिला आठवडा झाला की सामान धुऊन वर ठेवा.

आता तिथी. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. हा हिशोब ढोबळ आहे, मुंबईला बऱ्यापैकी जुळतो, दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला भरती थोडी आधी लागते, म्हणून नक्की वेळ टाइड टेबलमध्ये बघाच, पण सुट्टी कुठल्या आठवड्यात टाकायची हे घरबसल्या कालनिर्णयवरून कळतं.

हे कळून काय होतं बघा. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. अष्टमी ते दशमीच्या आसपास निघालात तर सकाळी सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी आणि मतलई वारा दोन्ही तुम्हाला खाडीतून बाहेर नेतात, दुपारी पाणी परत भरायला लागतं तेव्हा खारा वारा पाठीवर येतो. त्यातून हे भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे ओढ कमी असते. पौर्णिमेला मात्र सगळं उलटं, अकरा-साडेअकराला भरती संपते, पाणी जोरात बाहेर जायला लागतं आणि त्याच सुमाराला त्या पाण्याच्या समोरून, समुद्राकडून वारा सुटतो. खाडीच्या तोंडावर बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, कयाक उलटते ती बहुतेक अशा ठिकाणी. आणि साधी कयाक ताशी ४-५ किलोमीटर चालते, उधाणाची सुकती अरुंद तोंडात त्याच्या जवळपास ओढते, तुम्ही वल्हवत राहता आणि किनाऱ्यावरचं झाड जागचं हलत नाही. उधाणाच्या दिवशी जायचंच असेल तर तोंडाबाहेर न जाता खाडीच्या आतच बसा.

आतही मासे आहेतच की. सुकती सुरू झाली की खारफुटीतलं पाणी छोट्या छोट्या ओहोळांतून खाडीत उतरतं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी, आणि त्या ओहोळाच्या तोंडाशी तांबोशी आणि जिताडा टपून असतात. पहिले दोन तास तिथेच घालवा. नांगर मात्र कधीही कयाकच्या बाजूला बांधू नका, वाहत्या पाण्यात दोर ताणला की कूस खाली जाते आणि क्षणात पलटी. दोर टोकाकडूनच सुटला पाहिजे, आणि कापायला सुरी हाताशी हवी.

वारा १० नॉटच्या (ताशी साधारण १८ किलोमीटर) वर दाखवत असेल तर उघडा समुद्र रद्द. लाटेची नुसती उंची बघून फसू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. एक मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती इथल्याच वाऱ्याची, पण तीच १४ सेकंदांची असेल तर खूप लांबून आलेली, बाहेर कळणारही नाही आणि उथळात येऊन दुप्पट होऊन फुटेल. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज रोज येतो, त्यात उंच लाटांचा इशाराही असतो. तरीही कयाक पाण्यात घालायच्या आधी १५-२० मिनिटं किनाऱ्यावर नुसतं उभं राहा, मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने मध्येच येतात, पहिल्या पाच मिनिटांत दिसतीलच असं नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी विजयदुर्ग सांगेन. वाघोटणची खाडी खोल आहे, तोंड उथळ नाही, बाहेर बिघडलं तर आत आडोसा आहे. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत, तिकडून लांबून जा. देवबागला कर्लीच्या तोंडावर वाळू उथळ आहे आणि ती सरकत असते, तिथे पूर्ण ओहोटीला आत यायला बघू नका, अर्धी भरती होऊ द्या. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, गळ टाकायच्या आधी वन विभागात विचारून घ्या.

कुठेही गेलात तरी आदल्या संध्याकाळी तिथल्या मच्छीमारांशी बोला. कुठे खडप, म्हणजे खडकाळ भाग आहे, कुणाची जाळी कुठे आहे, उद्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढणार, हे कुठल्याही ॲपवर नसतं. रापणीच्या वेढ्यात कयाक घालणं म्हणजे कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईत पाय घालणं.

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. शिट्टी, पाणी, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये फोन, त्यात कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह केलेला. एकटे जाऊ नका. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवा, आणि हेही सांगा की त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन नाही आला तर त्याने वाट न बघता १५५४ लावायचा.