आगोटीची यादी, पण वादळ गेल्यानंतरची

मे अर्धा सरला की आमच्याकडे घरोघरी आगोटीची गडबड असते, तांदूळ, सुकट, कोकमं, जळाऊ लाकडं, सगळं पावसाच्या आत भरायचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची आगोट पुरी झालेली होती आणि तरी चौथ्या दिवशी आम्ही हात चोळत बसलेलो, कारण वादळ आलं नि दुपारच्या काही तासांत आटपलं, पण आमच्या वाडीत लाईट यायला सव्वा महिना गेला. आम्ही श्रीवर्धनकडचे. तेव्हापासून दरवर्षी एक दुसरी यादी करतो, वादळानंतरच्या दिवसांची, तुमच्या वाडीला जमेल तशी बदलून घ्या.

आधी पाणी. विहीर दारात, पण पंप लाईटवर, आणि रहाट आजोबांच्या मागे कधीच मोडीत निघालेला. माळ्यावर पोहरा सापडला, त्याचा सुंभाचा दोर हातात घेतला तर कुजून भुगा! शेवटी एका काकांच्या होडीवरचा नायलॉनचा दोर आणला आणि आठ घरं त्या एका दोरावर जगली. तर कप्पी, पोहरा आणि जाड नायलॉन दोर आत्ताच आणा. आपत्तीत काम करणाऱ्या संस्था जगभर माणशी रोज किमान 15 लिटर पाणी धरतात, म्हणजे पाच माणसांच्या घराला 75, तेवढं एकदा मे महिन्यात ओढून बघा म्हणजे कळेल घरातलं कोण ओढू शकतं. विहिरीत पालापाचोळा कुजतो, मग टीसीएल पावडर (विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर) ग्रामपंचायतीकडे आहे का ते आधीच विचारून ठेवा, घरात मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, ठेवा, नाहीतर सरळ उकळून प्या.

लाईट नाही म्हणजे चक्की पण नाही, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, गहू होते पण पीठ नव्हतं. एटीएम बंद, पेट्रोल पंप बंद, टॉवर बंद. थोडे पैसे सुट्ट्या नोटांत घरात असू द्या. नंबर कागदावर लिहा, 112 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077, आमचे तर पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेत.

आता कागद, इथे आपण कोकणातले लोक खरे मार खातो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक येतात, पंचनामा होतो, आणि मग सातबारा काढला की त्यावर चुलत-आते मिळून बावीस नावं, त्यातले सहा जण वारलेले, बाकीचे डोंबिवली-विरारला, आणि भरपाईचे पैसे जाणार कुणाच्या खात्यात? आमचे एका कार्यालयात पाच महिने अडकले ते यावरच, आणि साहेबांना तरी काय बोलणार, बावीस जणांची संमती आम्हीच घेतलेली नव्हती. वारस नोंद आणि हिस्सेदारांचं संमतीपत्र हे काम शिमग्याला किंवा मेच्या सुट्टीत सगळे गावी असतात तेव्हाच उरका, वादळानंतर कुणी फोन पण उचलत नाही (नेटवर्क असलं तरी). सातबारा, घराचा उतारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळ्याचे फोटो मुंबईतल्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे पाठवून ठेवा. आणि आगरातली झाडं मोजा. नारळ किती, सुपारी किती, आंबा-फणस किती, फिरत फिरत व्हिडिओ काढा. आपली आगरं गुंठ्यातली, भरपाई हेक्टरच्या हिशोबात धरली की हाताला किती थोडं लागतं ते तेव्हा बघितलंय. पडलेली झाडं फोटो काढल्याशिवाय तोडू नका, आमच्या तीर्थरूपांनी स्वच्छतेच्या नादात दुसऱ्याच दिवशी चाळीस पोफळी जाळल्या.

मग येतात मदतीचे ट्रक. लोक मनापासून देतात पण डांबरी रस्त्यावरच्या वाडीला पाच वेळा धान्य आणि वर कातकरवाडीत काहीच नाही, असं होतं. 2004 च्या सुनामीत तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले, आपल्याकडे पण फाटक्या साड्या आल्याच की. म्हणून वाडीची एक वही करा, घरं किती, अंथरुणावरची म्हातारी माणसं कोण, गरोदर बाई, तान्ही पोरं, साखरेच्या-बीपीच्या गोळ्या कुणाला, आणि ट्रकवाल्यांशी बोलायला एकच माणूस ठरवा, शक्यतो बाईमाणूस, पॅड वगैरे मागायला पुरुष लाजतात. काय पाहिजे ते स्पष्ट सांगा. कपडे नकोत, ताडपत्री, पत्रे, हूक, वायसर, कौलं पाठवा, नाहीतर सरळ पैसे.

नदीकाठच्या लोकांचं जरा वेगळं. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, ते उतरल्यावर राहिला तो चिखल, तिथे बिस्किटांपेक्षा फावडी, घमेली, गमबूट आणि पाण्याचे टँकर जास्त लागले. चिखलात अनवाणी उतरायचं नाही, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो, पायाला जखम असेल तर अजिबात नाही, आणि ताप आला की अंगावर न काढता सरकारी दवाखाना गाठा, गोळ्या तिथे मिळतात. डोंगराखालच्या वाड्यांना मात्र एकच सांगणं, जमिनीला भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं की रात्र असो काही असो निघा, चिपळूणच्या पुराच्याच दिवशी महाडजवळचं तळिये गाव दरडीखाली गेलं.

राहिलं रस्त्याचं. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची, बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, घाट बंद झाला की यायला वेळ लागणारच, तोवर झाडं आपल्याच पोरांनी कापायची. वर्गणी काढून वाडीत एक पेट्रोलवर चालणारी करवत घ्या, चालवायला दोघांना शिकवा, आणि साखळी एक जास्तीची ठेवा, आमची पहिली एका फणसातच गेली.