नव्या क्राउन-पिनियनचं पहिलं ऑइल

दिवाळीआधी पिकअपचं मागचं क्राउन-पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, नवीन टाकलं. मिस्त्री म्हणे, "भाऊ, आता ऑइलकडं पाहूच नको." मला काही पटलं नाही. नवे दात एकमेकांवर घासून बसतात, तो लोखंडाचा कीस तेलातच उतरतो. अन् हाउसिंगला, म्हणजे ही जोडी ज्या बंद पेटीत तेलात फिरते तिला, फिल्टर कुठं असतो? तोच कीस बेअरिंगमधून फिरत राहते.

पहिल्या दिवशी 20 मिनिटं चालवून गाडी पार थंड होऊ दिली. नंतर 800 किलोमीटर जड लोड टाळला; ऐन कापसाच्या हंगामात हे लय जिवावर आलं बाप्पा!

मग हिंगणघाटहून परत आल्यावर, ऑइल गरम असतानाच, अंगणात काढलं. आधी वरचा, भरायचा नट खोलला. तो जाम निघाला अन् खालून तेल सांडून बसलं, तर गाडी तिथंच. तेल राखाडी, उन्हात चमचम करणारं. खालच्या नटाच्या चुंबकावर काळा लगदा, लोण्यासारखा मऊ. बोटात चोळला, कण टोचला नाही. टोचला असता तर पुन्हा खोलावं लागलं असतं.

नवीन गिअर ऑइल, घट्टपणा 80डब्ल्यू-90 अन् दर्जा जीएल-5, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. वायसर तेवढं जुनंच लावलं, ते आता जरासं झिरपते.