प्लगइन मागणारं जुनं पेज आता कसं चालवायचं

पेज उघडलं, मधोमध राखाडी चौकोन आणि त्यावर प्लगइन सपोर्टेड नाही असा मेसेज. अशा वेळी बहुतेक जण पहिली चूक हीच करतात की ते प्लगइन शोधायला निघतात. प्लीज नको. फ्लॅश प्लेअर, म्हणजे व्हिडिओ-ॲनिमेशन दाखवणारं ॲडोबीचं प्लगइन, 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला, 12 जानेवारी 2021 पासून तर ॲडोबीने प्लेअरमध्येच कंटेंट चालणं थांबवलं, त्यामुळे आज कुठे "फ्लॅश अपडेट करा" असं बटण दिसलं तर ते डोळे झाकून फसवणूक समजा. जुनं व्हर्जन कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवायचं, मग ॲंटीव्हायरस बंद करायचा, मग तरीही ते चालत नाही, हे सगळं मी करून बसलोय, तुम्ही नका करू.

आधी एक गोंधळ मिटवू. प्लगइन आणि एक्स्टेंशन वेगळं. ॲड ब्लॉकर वगैरे एक्स्टेंशन आहेत, ती ब्राउझरने आखून दिलेल्या हद्दीत काम करतात, ती कुठेही गेलेली नाहीत. प्लगइन म्हणजे एक वेगळा प्रोग्रॅम, पेजमध्ये येऊन बसणारा पण कॉम्प्युटरवर जवळपास मोकळा फिरणारा. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली, 1995 ची सोय होती ती, तेव्हा ब्राउझरला स्वतःला व्हिडिओ येत नव्हता, ॲनिमेशन येत नव्हतं, मग पाहुणा बोलवायचा. पण पाहुण्याच्या घराला भोकं पडली की चोर थेट तुमच्या घरात, आणि तो क्रॅश झाला की पेजही गेलं. वर फोनवर ही भानगड कधी नीट रुजलीच नाही, आयफोनने तर फ्लॅश कधी घेतलाच नाही. क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनना पूर्ण रजा दिली, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना.

तर प्रश्न असा विचारायचा की ते प्लगइन इथे नेमकं काय करत होतं? व्हिडिओ दाखवत होतं, गेम चालवत होतं, की कॉम्प्युटरला जोडलेल्या एखाद्या मशीनशी बोलत होतं? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

हे शोधायला पेजवर कंट्रोल आणि यू दाबा, सोर्स उघडेल, त्यात ऑब्जेक्ट, एम्बेड किंवा ॲपलेट असे टॅग शोधा. आत फाइलचं नाव असतं. शेवटी एसडब्ल्यूएफ असेल तर फ्लॅश, जार किंवा क्लास असेल तर जावा, झॅप म्हणजे एक्सएपी असेल तर मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट, आणि क्लासआयडी म्हणून लांबलचक आकडे-अक्षरांची माळ असेल तर बहुधा ॲक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररची प्लगइनसारखी सोय). कधीकधी टॅग सापडतच नाही कारण तो जावास्क्रिप्टने नंतर घातलेला असतो, मग राइट क्लिक करून इन्स्पेक्ट.

फ्लॅश असेल तर नशीबवान आहात. रफल नावाचा ओपन सोर्स एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, रस्टमध्ये लिहिलेला, ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीवर (ब्राउझरच्या आतच वेगाने कोड चालवायची सोय) चालतो, म्हणजे ब्राउझरच्या कुंपणाच्या, सँडबॉक्सच्या आत. फक्त बघायचं असेल तर त्याचं एक्स्टेंशन टाका, फाइल तुमच्याकडे असेल तर डेस्कटॉप ॲप घ्या. साइट तुमची असेल तर रफलची स्क्रिप्ट पेजमध्ये घाला, तो जुने टॅग स्वतःच ओळखून ताब्यात घेतो. एकच खाच आहे, रफलची वॅझम (वेबअसेंब्लीची) फाइल सर्व्हरवरून बरोबर टाइपने, म्हणजे ॲप्लिकेशन स्लॅश वॅझम अशी गेली पाहिजे, नाहीतर लोड अडखळतो आणि आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो. जुनी ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) 1 आणि 2 वाली ॲनिमेशन छान चालतात, ॲक्शनस्क्रिप्ट 3 चे मोठे गेम चालतील की नाही ते चालवूनच बघावं लागतं.

फ्लॅशचा उपयोग नुसता व्हिडिओसाठी होता, तर एम्युलेटर वगैरे कशाला, सरळ व्हिडिओ टॅग वापरा. एफएलव्ही (फ्लॅश व्हिडिओ) फाइल एफएफएमपेग या मोफत कन्व्हर्टरमधून एमपी4 मध्ये काढा. आतला व्हिडिओ आधीच एच264 आणि आवाज एएसी असेल तर नुसता डबा (बाहेरचा फाइल फॉरमॅट) बदलायचा, कोडेक कॉपीवर ठेवायचा, क्वालिटी जशीच्या तशी आणि काम काही सेकंदांत. त्याहून जुना सोरेन्सन किंवा व्हीपी6 कोडेक असेल तर परत एन्कोड करावंच लागेल. आणि ऑटोप्ले हवा असेल तर म्यूट ठेवा, आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर सहसा अडवतात (बरंच करतात).

ॲक्टिव्हएक्सवाल्यांचं दुखणं वेगळं. साइट दुसऱ्याची आणि काम आजच करायचंय, तर विंडोजवर एजमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड चालू करा, सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या भागात तो आहे, तिथे साइट टाकली की साधारण 30 दिवस चालते मग परत टाकायची. मायक्रोसॉफ्टने हा मोड निदान 2029 पर्यंत ठेवू असं सांगितलंय. फ्लॅश मात्र तिथेही चालणार नाही. हा तात्पुरता टेकू आहे, एवढं ध्यानात ठेवा.

जावा ॲपलेटचा सपोर्ट जावा 11 मधूनच काढून टाकला, 2018 मध्ये. ॲपलेट साधं असेल तर चीर्पजे नावाचं टूल ते ब्राउझरमध्ये चालवू शकतं, तो प्रयोग करून बघायला हरकत नाही.

साइट तुमचीच असेल तर नवं लिहिताना एक सवय लावा. ब्राउझरचं नाव विचारून कोड लिहू नका, त्याला काय येतं ते विचारा. नाव तपासणारा कोड दोन वर्षांत खोटं बोलायला लागतो, फीचर तपासणारा टिकतो. व्हिडिओचा फॉरमॅट चालेल का विचारलं तर ब्राउझर "बहुतेक", "कदाचित" किंवा रिकामं उत्तर देतो, ठाम हो कधीच म्हणत नाही, त्यामुळे दोन फॉरमॅट देऊन ठेवलेले बरे. चित्रं-आलेख असतील तर कॅनव्हास किंवा एसव्हीजी, थ्रीडीला वेबजीएल, जुना सी प्लस प्लस कोड असेल तर वेबअसेंब्ली. एखादं फीचर सगळीकडे पोचलंय का हे कॅन आय यूज या साइटवर किंवा एमडीएन या वेब-माहितीच्या साइटवरच्या बेसलाइनच्या खुणेवर बघा. आणि टेस्ट ब्राउझरच्या तिन्ही इंजिनांत (पेज दाखवणाऱ्या आतल्या यंत्रणांत) करा, क्रोम आणि एज दोन्हीत बघून "दोन ब्राउझरमध्ये तपासलं" म्हणू नका, आतून ते एकच आहेत. फायरफॉक्स आणि सफारी हवेतच.

शेवटी सोर्समध्ये प्लगइन तपासणारी जुनी स्क्रिप्ट शोधून उडवा. आता ब्राउझर प्लगइनच्या यादीत फार तर पीडीएफ व्ह्यूअरची ठरलेली नावं देतात, फ्लॅश त्यात कधीच सापडणार नाही, म्हणून ती स्क्रिप्ट प्रत्येकाला "प्लगइन डाउनलोड करा" दाखवत राहते. मी ती काढायला विसरलो होतो, वर नवा व्हिडिओ मस्त चालू आणि खाली ते बटण तसंच, दोन महिन्यांनी कोणीतरी मेल करून विचारलं की तुमचं प्लगइन डाउनलोडच होत नाहीये, काय करू?