अमेरिकेत यूजी (बारावीनंतरची डिग्री): छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज घ्यायचं की मोठी युनिव्हर्सिटी?

मार्च संपता संपता ॲडमिशनचे निकाल येतात आणि मग घरात वाद सुरू, मोठी पर्ड्यू की छोटं ग्रिनेल, मोठी इलिनॉय की छोटं मॅकॅलेस्टर. पर्ड्यूचं नाव सोसायटीत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ग्रिनेल म्हटलं की मामा विचारणार "हे कुठनं शोधून काढलंस?" माझं म्हणणं एवढंच की नाव जरा बाजूला ठेवा, पहिली दोन वर्षं पोराला शिकवणार कोण आणि मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) बदलता येणार का हे आधी बघा.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपल्याकडचं आर्ट्स नव्हे हे आजीआजोबांना एकदा समजावून टाका, तिकडे फिजिक्स, मॅथ्स, कम्प्युटर सायन्स सगळं असतं. कॉलेज मात्र छोटं, विल्यम्समध्ये साधारण 2000 मुलं, ग्रिनेलला त्याहून कमी, आणि पीएचडीवाले बहुतेक ठिकाणी नसतातच. त्यामुळे शिकवतो प्रोफेसर, पेपर तपासतो प्रोफेसर, आणि लॅबमध्ये हाताखाली कोणी लागलं तर यूजीच्याच पोरांना घेतो. विल्यम्सला ट्युटोरियल म्हणून एक प्रकार आहे, दोन मुलं आणि एक प्रोफेसर, एका आठवड्यात एकाने पेपर लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलटं. मागच्या बाकावर बसून वेळ काढायची सोयच नाही. काही पोरं यात खुलतात, काहींना नुसत्या कल्पनेनेच घाम फुटतो, तुमचं कुठलं ते तुम्हालाच माहीत.

मोठ्या ठिकाणी, म्हणजे मिशिगनसारख्या 30 हजारांच्या वर यूजी मुलं असलेल्या युनिव्हर्सिटीत, पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री किंवा इकॉनॉमिक्स म्हणजे शेकडो पोरांचा हॉल, आणि शंका विचारायच्या त्या टीएला (टीचिंग असिस्टंटला), जो स्वतःच पीएचडी करत असतो. टीए वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण पुढे रेकमेंडेशन लेटर लागतं तेव्हा नावानिशी ओळखणारा प्रोफेसर हवा ना, आणि तो मिळवायला पोराला स्वतःहून ऑफिस अवर्सला (प्रोफेसरने भेटायला ठेवलेल्या वेळेत) जाऊन बसावं लागतं. धीट पोरगं असेल तर प्रश्नच नाही, त्याला मोठं कॅम्पस म्हणजे पर्वणी, एरोस्पेस-न्यूक्लियरसारख्या ब्रांच, मास्टर्सच्या लेव्हलचे कोर्स, करिअर फेअरला कंपन्यांची रांग, वर भरपूर देसी पोरं.

इंजिनिअरिंगच करायचं पक्कं असेल तर सरळ मोठीकडे जा. छोट्यांत इंजिनिअरिंग सहसा नसतं, स्वार्थमोर, लाफायेत, बकनेल, स्मिथ, हार्वे मड असे अपवाद आहेत. तीन वर्षं छोट्या कॉलेजात आणि दोन वर्षं दुसऱ्या युनिव्हर्सिटीत असा 3-2 प्रोग्रॅमही दाखवतात, पण त्यात पाच वर्षांची फी आणि मधेच मित्रमंडळी सोडून जायचं, मला तो काही पटत नाही.

मेजरचं मात्र नीट वाचा. पर्ड्यूला इंजिनिअरिंगची मुलं आधी कॉमन पहिल्या वर्षात जातात, ब्रांच नंतर मिळते. इलिनॉयला दुसऱ्या मेजरमध्ये घुसून मग सीएसला शिफ्ट होऊ असा प्लॅन असेल तर विसरा. छोट्या कॉलेजात साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेजर सांगायचा असतो, अठराव्या वर्षी डोक्यात काहीच ठरलेलं नसलेल्या पोरांना हे फार बरं पडतं.

आता खरं काम. कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजने ठराविक नमुन्यात दिलेली स्वतःची आकडेवारी) असं गूगल करा, बहुतेकांची पीडीएफ मिळते. त्यात आय-3 तक्ता बघा, किती मुलांचे किती क्लास ते लिहिलेलं असतं. ब्रोशरमधल्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. समजा 15 मुलांचे 9 क्लास आणि 400 मुलांचा 1, तर कॉलेज खुशाल सांगणार की आमचे 90 टक्के क्लास छोटे, पण हिशेब केला तर 535 पैकी 400 सीटा त्या एकाच हॉलमध्ये! त्यामुळे शेवटचा, शंभरच्या वरचा रकाना आधी बघायचा.

त्याच पीडीएफमध्ये एच-6 बघा, बाहेरच्या देशातल्या किती मुलांना किती मदत दिली ते तिथे कळतं. सरकारी युनिव्हर्सिट्या आपल्या पोरांना गरज बघून फारसं काही देत नाहीत, मिळाली तर मेरिट स्कॉलरशिप. छोट्या कॉलेजांची छापील फी बघून डोळे फिरतात पण ॲमहर्स्ट आणि बोडिनसारखी कॉलेजं परदेशी मुलांनाही ॲडमिशन देताना पैशाची ऐपत बघत नाहीत आणि गरज असेल तेवढी मदत पूर्ण देतात. अर्थात तिथे ॲडमिशन मिळणं महाकठीण. बऱ्याच इतर ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो, हेही लक्षात असू द्या.

नोकरीचं म्हणाल तर डिग्रीनंतर ओपीटीचे (स्टुडंट व्हिसावरच तिथे काम करायच्या परवानगीचे) 12 महिने, स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) डिग्री असेल तर आणखी 24. इकॉनॉमिक्स घेणार असाल तर त्या कॉलेजचा सीआयपी कोड (सरकारी यादीतला विषयाचा नंबर) 45.0603 आहे का हे ईमेल करून विचारा, हा कोड स्टेममध्ये धरतात, साधा इकॉनॉमिक्सचा कोड धरत नाहीत, आणि दोन वर्षांचा फरक पडतो.

हे सगळं 1 मेच्या आत उरका, बहुतेक ठिकाणी डिपॉझिटची तीच शेवटची तारीख असते. पैसे भरले की लगेच आय-20 च्या (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मच्या) मागे लागा, कारण तो हातात आल्याशिवाय व्हिसाचा इंटरव्ह्यू होत नाही आणि मुंबईचे स्लॉट उन्हाळ्यात पटापट जातात.