मृदाशास्त्र शिकताय? आकडा लिहिण्याआधी या चुका टाळा

दोन पार्टनर एकाच डब्यातल्या मातीचा ओलावा काढतात. ओली माती १२० ग्रॅम, ओव्हनमधून काढल्यावर १०० ग्रॅम, आणि जर्नलमध्ये एकाचं उत्तर २० टक्के तर दुसऱ्याचं १६.७. दोघांचं वजन बरोबर, वजाबाकी बरोबर, तरी एकाला रिपीट मिळतं आणि तो दिवसभर वजनकाट्याला शिव्या घालत बसतो. काट्याची काही चूक नसते हो. त्याने २० ला १२० ने भागलं, दुसऱ्याने १०० ने. मृदाशास्त्रात ओलावा कोरड्या मातीच्या वजनावर काढतात, कारण ओल्या मातीचं वजन सकाळी एक आणि दुपारी एक, कोरडीचं तेवढं कायम राहतं. आणि म्हणूनच पीटसारख्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) सेंद्रिय मातीत ओलावा १०० टक्क्यांच्या वर येऊ शकतो. तो आकडा बघून घाबरून खोडू नका, मी खोडला होता.

मी एमएस्सीला असताना आणि नंतर ज्युनियर्सची जर्नल्स बघताना एक गोष्ट सारखी दिसली. पोरं 'किती' पाठ करतात, 'कशावर' पाठ करत नाहीत. कशाने भागलं, कशात विरघळवलं, कुठल्या सिस्टिमने मोजलं. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच येतात.

ओलाव्याचंच पुढे बघा. वजनावरचा ओलावा २० टक्के आहे आणि बल्क डेन्सिटी (पोकळ्यांसकट मातीची घनता) १.३ आहे, तर आकारमानावरचा ओलावा २६ टक्के. पाण्याची खोली काढायला हा २६ वाला लागतो, पण परीक्षेत घाईघाईत २० च टाकला जातो आणि पुढचं सगळं गणित सुबक अक्षरात चुकतं. प्रॅक्टिकलला अजून एक, १०५ अंशाच्या ओव्हनमधून काढलेला डबा गरम गरम काट्यावर ठेवायचा नाही. गरम हवा वर जाते, वजन कमी दिसतं. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) गार होऊ द्या, मग झाकणासकट मोजा. आणि झाकणावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच आहे ना ते पण बघा, हसू नका, अर्ध्या बॅचचं इथेच फाटतं.

आता पोत. पोत आणि संरचना हे दोन शब्द उत्तरात एकमेकांच्या जागी लिहिणारे दरवर्षी भेटतात. पोत म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण, संरचना म्हणजे ते कण एकमेकांना कसे बांधले गेलेत ते. नांगरटीने संरचना एका दिवसात बिघडते, पोत तुमच्या हयातीत फारसा हलत नाही. दुसरं म्हणजे कणांच्या आकाराची हद्द. अमेरिकन यूएसडीए पद्धतीत पोयटा ०.०५ मिमीपासून खाली सुरू होतो, जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ०.०२ पासून, चिकणमाती दोन्हीकडे ०.००२ च्या खाली. म्हणजे तीच माती एका पद्धतीत जास्त वाळूची दिसते. एका पद्धतीचे टक्के काढून दुसऱ्या पद्धतीच्या पोत-त्रिकोणात (टक्क्यांवरून मातीचं नाव देणाऱ्या आकृतीत) बसवलेत तर मातीचं नावच बदलतं, आणि मग "सर पण माझे रीडिंग बरोबर होते" असं म्हणत फिरायचं.

हायड्रोमीटरवर (पाण्यात कालवलेल्या मातीचे कण किती तरंगतायत ते मोजून पोत काढायचं साधन) जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच. पहिलं रीडिंग ४० सेकंदाला का घेतो हे विचारलं की निम्मे गप्प. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर जातो. २ मायक्रॉनच्या कणाला २० अंशाच्या पाण्यात १० सेंमी खाली जायला साधारण पावणेआठ तास लागतात, ५० मायक्रॉनचा, म्हणजे वाळूच्या हद्दीवरचा कण २५ पट मोठा म्हणजे ६२५ पट वेगात, म्हणून त्याला ४०-४५ सेकंद. हे एकदा कागदावर स्वतः करून बघा, मग ४० सेकंद पाठ करावं लागत नाही. आणि हेही कळतं की चिकणमातीसाठी २ तासांनी घेतलेलं रीडिंग ही सोयीची तडजोड आहे, त्यात चिकणमाती थोडी जास्तच येते. तुमच्या मॅन्युअलमध्ये किती तास दिलेत ते रिपोर्टमध्ये लिहा.

काय काय बिघडतं? ढवळून ठेवल्यावर थोड्याच वेळात वर स्वच्छ पाणी दिसायला लागलं आणि खाली कापसासारखे पुंजके बसतायत, तर माती सुटी झालेलीच नाही. एक तर कण सुटे करणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट कमी पडलंय किंवा जुनं झालंय, नाहीतर मातीत जिप्सम नाहीतर क्षार आहेत, ते आधी धुवून काढावे लागतात. अशा सिलिंडरचं रीडिंग घेत बसू नका, चिकणमाती हास्यास्पद कमी येईल. उलट चिकणमाती सगळ्यांचीच जास्त येतेय तर ब्लँक (माती न घालता घेतलेलं रीडिंग) वजा केलाय का बघा. माती ५० ग्रॅम आणि ब्लँक ४ असेल तर तो विसरल्याने सरळ ८ टक्के चढतात. तापमानाची दुरुस्ती पण असते, २० च्या वर दर अंशाला ०.३६ मिळवायचे, खाली असेल तर वजा. वर फेस आला तर अमाइल अल्कोहोलचा एक थेंब टाकायचा, फुंकर मारायची नाही. आणि सिलिंडर हलवू नका! आमच्या बॅचमधल्या एकाने दीड तास झाल्यावर "इथे नीट दिसत नाहीये" म्हणून तो उचलून खिडकीपाशी नेला होता, सगळ्या ग्रुपला परत शून्यापासून बसावं लागलं.

सेंद्रिय कर्बाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत गोंधळ वेगळाच. ही उलट टायट्रेशन आहे, म्हणजे कर्ब जाळायला घातलेल्यातला उरलेला डायक्रोमेट मोजतो आपण, त्यामुळे ब्युरेटचं रीडिंग कमी आलं की कर्ब जास्त. ब्लँक २० मिली, नमुना १४ मिली, फेरस अमोनियम सल्फेट ०.५ नॉर्मल, माती १ ग्रॅम. ६ गुणिले ०.५ गुणिले ०.००३ गुणिले १००, उत्तर ०.९ टक्के. आता इथे बरेच जण थांबतात, पण या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरतात, म्हणून १.३ ने गुणायचं, १.१७ झाले. त्याला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ, साधारण २ टक्के. म्हणजे ०.९, १.१७ आणि २ हे तिन्ही आकडे एकाच फ्लास्कचे! कुणी नुसतं "कार्बन २ टक्के" लिहिलं की मला पेन्सिल घेऊन उलटं गणित करावं लागतं.

फ्लास्क नुसता बघूनही बरंच कळतं. आम्ल घालून अर्धा तास ठेवल्यावर रंग केशरी-तपकिरी राहायला हवा. टायट्रेशन सुरू करायच्या आधीच हिरवा दिसला तर डायक्रोमेट संपलंय, माती निम्मी घेऊन परत करा. डायफिनाइलअमाइन टाकल्यावर जांभळट निळा येतो आणि शेवटी एकाच थेंबात हिरवा होतो. तो थेंब हुकला तर सगळं ओतून टाकू नका, मोजून अर्धा मिली डायक्रोमेट घाला, परत हळू टायट्रेट करा आणि गणितात तो अर्धा मिली धरा. ब्लँक मात्र रोज नवा, फेरसचं द्रावण हवेने हळूहळू उतरतं, परवाचा ब्लँक आज चालत नाही.

स्फुरदाची (फॉस्फरसची) एक चूक छोटी पण महाग. चुनखडीयुक्त मातीत स्फुरद काढायला ब्रेचं आम्लाचं द्रावण वापरलं की चुनखडी त्यातलं आम्ल खाऊन टाकते आणि स्फुरद कमी दिसतो, तिथे ओल्सेनचं बायकार्बोनेट वापरायचं. ब्रे आम्लधर्मी मातीसाठी. दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी लावून तुलना करू नका. आणि फॉस्फरस की त्याचा पेंटॉक्साइड हे लिहा, दोघांत २.२९ पट फरक आहे.

पीएच मोजताना पाणी किती घातलं तेही लिहा, १:१ आणि १:२.५ ला आकडा बदलतो. कॅल्शियम क्लोराइडमध्ये मोजला तर पाण्यापेक्षा सहसा कमी येतो. क्षारांची ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे, तुम्ही १:२ मध्ये मोजलेल्या ईसीला (विद्युत वाहकतेला) ती थेट लावायची नाही.

पाण्याच्या प्रश्नात हमखास फसणारं वाक्य म्हणजे "चिकणमाती जास्त पाणी धरते म्हणून पिकाला जास्त पाणी मिळतं". धरते खरी, पण त्यातलं बरंचसं ती सोडत नाही, मुळांच्या ओढीला ते येतच नाही. फील्ड कपॅसिटी (जास्तीचं पाणी निचरून गेल्यावर मातीत उरलेला ओलावा) आणि विल्टिंग पॉइंट (ज्या ओलाव्याला पीक कोमेजतं तो) यांच्यातला फरक बघा, तो पोयटा असलेल्या मध्यम पोतात सहसा जास्त असतो. तसंच वाळूत पोकळ्या मोठ्या असतात, पण एकूण पोकळी चिकणमातीपेक्षा कमी असते. मोठं आणि जास्त यात गल्लत नको.

वर्गीकरण घोकू नका, नावं फोडा. 'टिपिक हॅप्लुस्टर्ट' शेवटून वाचायचं, 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, भेगा पडणारी माती, 'उस्ट' म्हणजे ओलाव्याची उस्टिक (मर्यादित ओलाव्याची) स्थिती, 'हॅप्ल' म्हणजे साधी. बारा ऑर्डरचे (सगळ्यात वरच्या गटांचे) बारा तुकडे माहीत असले की अनोळखी नावही अर्धं उलगडतं. रंगावरून ऑर्डर ठरवू नका, लाल माती बऱ्याच ऑर्डर्समध्ये असते. वर्गीकरणाची 'की' (माती ओळखायची क्रमवार यादी) वापरताना वरून खाली क्रमानेच यायचं, जेलिसॉल आधी आणि एंटिसॉल सगळ्यात शेवटी. मधूनच उडी मारली की माती चुकीच्या घरात जाते.

प्रोजेक्टवाल्यांसाठी एकच. एका खड्ड्यातून एक नमुना काढून त्याची तीनदा टायट्रेशन केली तर त्या तीन रेप्लिकेशन्स होत नाहीत, ते तुमच्या हाताचं सातत्य झालं. शेताबद्दल बोलायचं तर शेतात तीन वेगळ्या जागा खणाव्या लागतात. सॉफ्टवेअर बिचारं तक्रार न करता पी-व्हॅल्यू देतं, परीक्षक मात्र पहिलाच प्रश्न विचारतात "खड्डे किती घेतले?", आणि तेव्हा परत शेतात जायला वेळ उरलेला नसतो.